होसे लॉरेल यांचा खटला शेवटपर्यंत चालायला हवा होता

२८ जानेवारी १९४८ रोजी फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मानुएल रोहास यांनी ५१ क्रमांकाचा जाहीरनामा काढला. जपानी अमलाशी राजकीय किंवा आर्थिक सहकार्य केल्याचा आरोप ज्यांच्यावर होता, त्यांना त्यातून सरसकट माफी मिळाली. या माफीच्या यादीत सर्वांत वजनदार नाव होतं होसे पासियानो लॉरेल यांचं. युद्धाआधी ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, युद्धात जपानच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष झाले आणि युद्धानंतर देशद्रोहाच्या १३२ आरोपांचे आरोपी. त्यांचा खटला अर्धवट थांबला तो कायमचा.

लॉरेल फितूर होते की जनतेसाठी ढाल होऊन उभे राहिलेले देशभक्त, हा वाद फिलिपिन्समध्ये अजून मिटलेला नाही. या लेखाचा मुद्दा त्याहून अरुंद आहे. ते दोषी होते की निर्दोष, हे न्यायालयाने सांगायला हवं होतं, आणि दया दाखवायचीच होती तर ती निकालानंतर. असं म्हणायला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो लॉरेल यांनीच लिहिलेल्या निकालपत्रांचा.

ती निकालपत्रं आजही तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला चुकवता येत नाहीत. लॉरेल २९ फेब्रुवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयात आले. येल विद्यापीठाची डॉक्टरेट, अंतर्गत खात्याचं मंत्रिपद, सिनेटची एक मुदत आणि १९३४ च्या घटना परिषदेत मूलभूत हक्कांच्या समितीचं अध्यक्षपद, एवढी शिदोरी त्यांच्याजवळ होती. त्याच वर्षी १५ जुलैला त्यांनी आंगारा प्रकरणाचा निकाल दिला. तायाबास प्रांतातून निवडून आलेल्या होसे आंगारा यांची निवड नॅशनल असेंब्लीने, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळाने, ३ डिसेंबर १९३५ रोजी ठराव करून पक्की केली होती. प्रतिस्पर्धी पेद्रो इन्सुआ यांनी तक्रार नोंदवली ८ डिसेंबरला, आणि निवडणूक आयोगाने तक्रारीची शेवटची तारीख ठेवली होती ९ डिसेंबर. असेंब्लीचा ठराव मोठा की आयोगाची मुदत? हा आयोग म्हणजे तीन न्यायमूर्ती आणि सहा असेंब्ली सदस्य यांचा. लॉरेल यांनी कौल आयोगाला दिला, पण त्याआधी एक पायाभूत गोष्ट मांडली. न्यायालय जेव्हा सत्तेच्या सीमा आखतं तेव्हा ते इतर शाखांवर स्वतःचं श्रेष्ठत्व गाजवत नाही, राज्यघटनेने सोपवलेलं काम करतं. राज्यघटना लागू होऊन तेव्हा आठ महिनेच झाले होते.

पुढच्या वर्षीचा प्रोबेशन कायद्याचा निकाल वाचावा तो त्यातल्या व्यवहारी नजरेसाठी. गुन्हेगाराला शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा कायदा होता, मात्र देखरेख अधिकाऱ्याचा पगार मंजूर करायचा की नाही हे प्रत्येक प्रांतिक मंडळावर सोडलं होतं. पगार मंजूर झाला तर त्या प्रांतात कायदा जिवंत, नाहीतर कागदावर. एकाच गुन्ह्यासाठी एका प्रांतात माणूस घरी आणि शेजारच्या प्रांतात तुरुंगात, ही समानता नव्हे, म्हणून लॉरेल यांनी तो कायदा रद्द ठरवला. दयेचा कायदासुद्धा वाटेल तसा वाटता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. १९४८ च्या संदर्भात हे वाक्य जड जातं.

पण त्यांची खरी कीर्ती आहे ती २७ फेब्रुवारी १९४० च्या आंग तिबाय निकालामुळे. आंग तिबाय हा मनिलाचा बुटांचा कारखाना. चामड्याचा तुटवडा असल्याचं सांगून कामगारांना कमी करण्यात आलं होतं. तुटवडा हे ढोंग आहे, खरं कारण युनियन, असं संघटनेचं म्हणणं होतं. प्रकरण औद्योगिक न्यायालयापुढे नव्याने चालवायला परत पाठवताना लॉरेल यांनी सात किमान हक्क लिहून ठेवले: आपली बाजू आणि पुरावा मांडायची संधी, मांडलेला पुरावा विचारात घेतला जाणं, निर्णयाला काहीतरी आधार असणं, तो आधार भरीव असणं, निर्णय पक्षकारांना माहीत असलेल्या पुराव्यावरच होणं, कनिष्ठाच्या मतावर शिक्का न मारता निर्णय घेणाऱ्याने स्वतः विचार करणं, आणि निर्णयाची कारणं पक्षकाराला कळतील अशी लिहिणं. आजही कुठल्या सरकारी कर्मचाऱ्याची खातेनिहाय चौकशी मनिलात आव्हानाला आली तर या सात कसोट्या लावल्या जातात.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात कालालांग खटल्यात सामाजिक न्यायाची व्याख्या आली. वाद होता मनिलाच्या रोसारिओ रस्त्यावर आणि रिसाल अॅव्हेन्यूवर ठरावीक वेळांत घोडागाड्यांना केलेल्या बंदीचा. रोसारिओ रस्त्यावर सकाळी साडेसात ते साडेबारा आणि दुपारी दीड ते साडेपाच गाड्यांना मनाई. व्याख्या पुढे वारंवार उद्धृत झाली, पण ज्यांचं पोट त्या गाड्यांवर होतं ते हरले. लॉरेल यांच्या भाषेचा मोठेपणा आणि निकालाचा प्रत्यक्ष परिणाम वेगळे तोलावेत, याचा हा चांगला नमुना आहे.

ऑक्टोबर १९४० मध्ये त्यांनी आणखी एक निकाल लिहिला. त्याची चर्चा पुढे भलत्याच कारणाने होत राहिली. इलोकोस नॉर्तेतल्या निवडणुकीत जिंकलेले हुलिओ नालुन्दासान यांचा १९३५ मध्ये खून झाला होता, आणि त्यात कायद्याचा एक तरुण विद्यार्थी खालच्या न्यायालयात दोषी ठरला होता. त्याचं नाव फर्डिनांड मार्कोस. मुख्य साक्षीदाराची साक्ष विश्वासार्ह नाही म्हणून लॉरेल यांनी त्याला सोडलं. मार्कोस पुढे हुकूमशहा झाले, त्यामुळे या निकालाकडे संशयाने पाहायची सवय लागली. हा संशय योग्य नाही. साक्षीच्या विसंगतीवर आरोपी सुटणं हे पुढच्या बत्तीस वर्षांचं भविष्य वाचून ठरवता येत नसतं.

आता युद्ध. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा उतरल्या. राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन मनिलाच्या आखातातल्या कोरेगिदोर बेटावर आणि तिथून पुढे अमेरिकेला गेले. जाताना त्यांनी आपले सचिव होर्हे वार्गास, लॉरेल आणि इतरांना मनिलात थांबायला सांगितलं. मागे राहून जनतेचे हाल कमी करायचे, पण जपानशी निष्ठेची शपथ घ्यायची नाही, अशी सूचना असल्याचं बचाव पक्ष पुढे सांगत राहिला. लॉरेल आधी जपान्यांखालच्या कार्यकारी आयोगात न्याय खात्याचे आणि मग अंतर्गत खात्याचे आयुक्त झाले. ५ जून १९४३ रोजी मनिलाजवळच्या वाक वाक गोल्फ मैदानावर जपानविरोधी गनिमी लढवय्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते वाचले. सप्टेंबरात असेंब्लीने त्यांना अध्यक्ष निवडलं आणि १४ ऑक्टोबर १९४३ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. त्याच दिवशी जपानशी युतीचा करार झाला. नोव्हेंबरात टोकियोच्या बृहत्तर पूर्व आशिया परिषदेत ते बसले, जिथे आझाद हिंदतर्फे निरीक्षक म्हणून सुभाषचंद्र बोस होते.

याच्या शेजारी एक दुसरा न्यायमूर्ती ठेवावा लागतो. सरन्यायाधीश होसे आबाद सांतोस यांनाही केसोन यांनी मागे ठेवलं होतं. एप्रिल १९४२ मध्ये ते सेबू बेटावर पकडले गेले, सहकार्याला त्यांनी नकार दिला, आणि मे महिन्यात मिंदानाओतल्या मालाबांग इथे जपान्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. म्हणजे नकाराची किंमत किती हे लॉरेल यांना नेमकं ठाऊक होतं. ही तुलना बचावाच्या बाजूनेही जाते आणि आरोपाच्याही. मृत्यूची भीती खरी होती, आणि तरीही नकार अशक्य नव्हता.

खटला चालवण्याची गरज मला सर्वांत जास्त पटते ती तीन कागदांमुळे. पहिले दोन सप्टेंबर १९४४ चे. २१ तारखेला अमेरिकी विमानांनी मनिलावर बॉम्ब टाकले, लॉरेल यांनी लष्करी कायदा पुकारला, आणि दोन दिवसांनी ३० क्रमांकाचा जाहीरनामा काढून अमेरिका आणि ब्रिटनशी ‘युद्धस्थिती अस्तित्वात आहे’ असं जाहीर केलं. ‘युद्ध पुकारतो’ म्हणायचं टाळलं. सक्तीची लष्करभरती केली नाही, त्यामुळे फिलिपिनो तरुण जपानसाठी लढायला धाडले गेले नाहीत. बचावाचा हाच मुख्य खांब आहे, आणि तो पोकळ नाही.

तिसऱ्या कागदाबद्दल लॉरेल यांचे चाहते फारसे बोलत नाहीत. अध्यक्ष म्हणून त्यांनी काढलेल्या ७ क्रमांकाच्या अध्यादेशाने विशेष फौजदारी न्यायालयं स्थापन झाली. टंचाईच्या काळातली लूट, साठेबाजी, चोरी असले गुन्हे तिथे झटपट चालायचे. न्यायाधीश स्वतः आरोपीला प्रश्न विचारणार, आरोपीने उत्तर नाकारलं तर ते त्याच्याविरुद्ध धरता येणार, आणि फाशी सोडून कुठल्याही शिक्षेवर अपील नाही. मनिलाच्या पोलीस दलातला विल्यम पेराल्ता याच न्यायालयात दरोड्याबद्दल दोषी ठरून जन्मठेपेला गेला. जपानी ताबा संपल्यानंतर नोव्हेंबर १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेराल्ताला सोडलं. त्या न्यायालयाची शिक्षा राजकीय स्वरूपाची, जपानी सत्ता जाताच तिचा अंमल संपला, असा निर्णय झाला. आंग तिबायच्या सात कसोट्या लिहिणाऱ्या माणसानेच हा अध्यादेश काढावा? जपानी लष्कराने भाग पाडलं असेल, किंवा जपानी लष्करी पोलिसांच्या हाती आरोपी पडण्यापेक्षा हे न्यायालय बरं असा हिशेब असेल, किंवा सत्ता हाती आल्यावर प्रक्रिया ही अडचण वाटू लागली असेल. यांतलं खरं कोणतं ते मसुदे, साक्षी आणि उलटतपासणीशिवाय कळणार नाही. ते फक्त खटल्यात घडलं असतं.

मग खटला का रखडला? दोष फक्त रोहासांचा नाही. यंत्रणाच सदोष होती. लॉरेल जपानहून मनिलाला आणले गेले जुलै १९४६ मध्ये. मार्च १९४५ मध्ये त्यांनी फिलिपिन्स सोडलं होतं, १७ ऑगस्ट १९४५ रोजी नारा शहरातून त्यांनी प्रजासत्ताक विसर्जित केलं, आणि सप्टेंबरात अमेरिकनांनी त्यांना अटक करून टोकियोच्या सुगामो तुरुंगात ठेवलं. तोपर्यंत मनिलात जन न्यायालय स्थापन झालं होतं. सप्टेंबर १९४५ च्या कायद्याने एक अध्यक्ष आणि चौदा न्यायाधीश नेमले, तिघातिघांची पाच खंडपीठं केली, आणि पाच हजारांवर प्रकरणांचा ढीग त्यांच्यापुढे टाकला. सरकारी बाजू लोरेंसो तान्यादा यांच्या खात्याकडे. वॉशिंग्टनमधून अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरॉल्ड इकीस यांनी धमकीच दिली होती की फितुरांना हटवलं नाही तर मदत मिळणार नाही. घाई परक्यांची, मनुष्यबळ तुटपुंजं.

दुसरी अडचण कायद्यातच होती. दंडसंहितेच्या कलम ११४ प्रमाणे देशद्रोहाच्या प्रत्येक उघड कृत्याला किमान दोन साक्षीदार लागतात, तेही त्याच कृत्याचे. किंवा आरोपीने भर न्यायालयात दिलेली कबुली. ही तरतूद अमेरिकी राज्यघटनेतून आली आणि सामान्य आरोपीच्या संरक्षणासाठी ती हवीच. पण आरोपपत्रात १३२ आरोप घातले की प्रत्येकाला दोन साक्षीदारांची मोट बांधणं आलं. युद्धात मनिला उद्ध्वस्त झालेलं, कागदपत्रं जळलेली, माणसं विखुरलेली. सरकारी पक्षाने सहा-सात आरोप निवडले असते, म्हणजे युतीचा करार, ३० क्रमांकाचा जाहीरनामा, ७ क्रमांकाचा अध्यादेश आणि दोन-तीन ठळक भाषणं, तर साक्षीदार मिळवणं सोपं झालं असतं. त्या सह्या लपून झाल्या नव्हत्या. समारंभाला माणसं हजर होती. सगळंच सिद्ध करायला निघालेल्या आरोपपत्राने काहीच सिद्ध झालं नाही. फौजदारी वकिलीतला हा जुना धडा आहे, आणि तान्यादांसारख्या माणसाने तो का दुर्लक्षिला याचं आश्चर्य वाटतं.

तिसरी अडचण वरच्या न्यायालयात. युद्धानंतरच्या सर्वोच्च न्यायालयात असे न्यायमूर्ती होते जे स्वतः जपानी काळात पदांवर होते. म्हणून जन न्यायालयाच्या कायद्यातल्या कलम १४ ने त्यांना अशा अपिलांतून बाजूला सारलं आणि त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्षांनी खालच्या न्यायाधीशांना तात्पुरतं बसवावं अशी तरतूद केली. हेतू चांगला, घटनेच्या दृष्टीने घोटाळा. राज्यघटनेत तात्पुरता न्यायमूर्ती नाहीच. वार्गास यांच्याच प्रकरणात २६ फेब्रुवारी १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १४ घटनाबाह्य ठरवलं, म्हणजे माफीच्या जाहीरनाम्यानंतर महिनाही उलटला नव्हता. प्रक्रियेतली गाठ सुटली, पण तोवर बडे आरोपी निघून गेले होते.

निष्ठेचा मूळ प्रश्न मात्र आधीच सुटला होता, आणि इथे वाचकांचा नेहमी गोंधळ होतो. ३० जानेवारी १९४७ च्या लॉरेल विरुद्ध मिसा निकालातला लॉरेल म्हणजे अनास्तासिओ लॉरेल. होसे लॉरेल नव्हे. शत्रूचा ताबा असताना मायदेशाशी निष्ठा स्थगित होते, त्यामुळे त्या काळातल्या कृत्याला देशद्रोह म्हणता येत नाही, हा त्याचा युक्तिवाद. न्यायालयाने तो फेटाळला: निष्ठा कायम असते आणि शत्रूच्या ताब्याने ती थांबत नाही. म्हणजे होसे लॉरेल यांच्यापुढे मुद्दा उरला होता तो हेतू आणि जबरदस्तीचा. त्याला कायद्यात भरपूर जागा होती. हरण्याची खात्री असलेला हा खटला नव्हता, त्यामुळे माफीला दया म्हणणंही थोडं खोटं आहे.

खुद्द त्यांच्या परराष्ट्रमंत्र्याने हे दाखवून दिलं. क्लारो रेक्तो यांच्यावरही देशद्रोहाचा आरोप होता. ते माफीवर विसंबले नाहीत, न्यायालयात लढले आणि निर्दोष सुटले. तेओफिलो सिसोन दोषी ठरले. वरच्या पातळीवरच्या राजकारण्यांत तसं होणारे ते जवळजवळ एकटे. एक सुटला, एक अडकला, म्हणजे न्यायालय काम करू शकत होतं. निकाल लागण्याची शक्यता होती म्हणूनच तो टाळला गेला, असा संशय त्यामुळे घ्यावासा वाटतो.

तो टाळण्यात रोहासांचा स्वतःचा संबंध होता. १९४३ ची राज्यघटना तयार करणाऱ्या आयोगात ते होते, त्यांची त्यावर सही आहे, आणि लॉरेल यांच्या राजवटीत तांदूळ खरेदीच्या यंत्रणेचे ते प्रमुख होते. अमेरिकी सेनापती मॅकार्थरने त्यांना मोकळं केलं आणि एप्रिल १९४६ मध्ये ते निवडून आले. लॉरेल यांच्या खटल्यात उलटतपासणी सुरू झाली असती तर साक्षीदारांच्या पिंजऱ्यातून राष्ट्राध्यक्षांचंच नाव निघालं असतं. हितसंबंध असलेल्याने निर्णय घेऊ नये, हे आंग तिबाय वाचलेल्याला सांगावं लागत नाही.

आता कायद्याची खरी फट. १९३५ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षांना दोन वेगळे अधिकार दिले होते. शिक्षामाफी एकट्याच्या सहीने देता येते, मात्र गुन्हा सिद्ध झाल्यावरच. सर्वसाधारण माफी गुन्हा सिद्ध होण्याआधीही देता येते, पण तिला काँग्रेसची संमती लागते. पहिली शिक्षा काढून घेते आणि निकाल तसाच ठेवते. दुसरी गुन्हाच पुसून टाकते. रोहास पहिली वाट धरू शकले असते. खटला चालवावा, निकाल यावा, दोषी ठरल्यास दुसऱ्या दिवशी शिक्षा माफ करावी. त्यांनी दुसरी निवडली आणि काँग्रेसनेही ती मंजूर केली. त्या काँग्रेसमध्ये किती जणांचे हात जपानी काळात गुंतलेले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यातून जो प्रश्न उरला तो आजही सुटलेला नाही: माफी घेणारा माणूस दोषी मानायचा का? जपानविरोधी गनिमी लढवय्यांना दिलेल्या माफीबाबतच्या बार्रिओकिंतो प्रकरणात १९४९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की माफीसाठी गुन्हा कबूल करायची गरज नाही. १९६३ मध्ये वेरा प्रकरणात तेच न्यायालय उलट म्हणालं: कबुली हवीच. म्हणजे लॉरेल १९४९ च्या मोजपट्टीने कशालाही कबुली न दिलेले ठरतात आणि १९६३ च्या मोजपट्टीने वेगळेच. एका माणसाच्या नावाला हा टांगता कायदा का चिकटावा?

लॉरेल यांना न्यायालयाचं स्पष्ट उत्तर काय किमतीचं असतं हे विशीत कळलं होतं. १९०९ च्या डिसेंबरात तानावान गावात एका तरुणाशी झालेल्या मारामारीत त्यांनी खिशातला चाकू वापरला. खालच्या न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नासाठी त्यांना दोषी धरलं. मार्च १९१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षण मान्य करून त्यांना सोडलं. निकालपत्रात कोणी आधी काठी उगारली ते लिहिलं आहे. तो डाग पुन्हा कधी राजकारणात फार उपयोगी पडला नाही, कारण त्यावर लेखी उत्तर होतं. १९२३ मध्ये तर ते या बाबतीत दुसऱ्या टोकाला होते. मनिला पोलिसातला गुप्तहेर रे कॉन्ली लाचखोरीच्या आरोपातून न्यायालयात सुटला, तरी लॉरेल यांना त्याची खातेनिहाय चौकशी हवी होती. गव्हर्नर जनरल वुड यांनी त्याला कामावर परत घेतलं तेव्हा लॉरेल यांनी मंत्रिपद सोडलं आणि पाठोपाठ फिलिपिनो मंत्रिमंडळच बाहेर पडलं. प्रक्रियेसाठी मंत्रिपदावर पाणी सोडणारा हा माणूस आहे, हे लक्षात ठेवावं.

भारतीय वाचकाला या प्रश्नाचा एक जवळचा समांतर दाखला आहे, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर लष्करी न्यायालयापुढे खटला सुरू झाला. बचावाला उभे होते मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई. मुद्दा तोच, निष्ठा कोणाशी? आझाद हिंदचं हंगामी सरकार इतर राष्ट्रांनी मान्य केलेलं होतं, त्याला युद्ध करण्याचा हक्क होता, राजाशी निष्ठा आणि देशाशी निष्ठा यांत देश वरचढ, असं देसाईंनी दिवसेंदिवस मांडलं. ३१ डिसेंबरला शिक्षा ठोठावली गेली: जन्मठेपेचं काळं पाणी, लष्करातून बडतर्फी, पगारजप्ती. ३ जानेवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑचिनलेक यांनी काळं पाणी माफ केलं, बडतर्फी आणि जप्ती कायम ठेवली. न्यायालय परक्या सत्तेचं होतं, लष्करी होतं, आणि माफीमागे जनतेच्या संतापाची भीती होती. तरीही युक्तिवाद पूर्ण झाला आणि कागदावर उतरला. नंतर आलेली दया त्या युक्तिवादाला पुसू शकली नाही. फिलिपिन्सचं न्यायालय स्वतःच्या देशाचं होतं, आणि तिथेच हे घडलं नाही.

उलट बाजू सोपी नाही. देश जळून राख झालेला, तिजोरी रिकामी, मध्य लुझॉनमध्ये हुक नावाचे डावे शेतकरी बंडखोर आणि जमीनदार यांच्यात रक्तपात. वरच्या थरातले बहुतेक प्रशासक जपान्यांखाली कामाला होते. सगळ्यांना उभं केलं असतं तर राज्य चालवायला माणूस उरला नसता. सामान्य शिक्षक, पोलीस आणि लेखनिक यांच्या हजारो प्रकरणांसाठी माफी बरोबर होती, याबद्दल वाद नाही. पण जाहीरनाम्याने लेखनिक आणि प्रजासत्ताकाचा अध्यक्ष यांना एकाच पंगतीत बसवलं. खून, बलात्कार, हेरगिरी करणाऱ्यांना त्यातून वगळलं होतं, म्हणजे वर्गवारी करणं जमत होतं. दहा-बारा वरिष्ठांचे खटले ठेवून उरलेल्यांना सोडता आलं असतं.

आणखी एक मुद्दा नेहमी पुढे येतो: जनतेने मतपेटीतून निर्णय दिलाच. १९४९ मध्ये लॉरेल राष्ट्राध्यक्षपदासाठी लढले आणि हरले, १९५१ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत देशभरात सर्वाधिक मतं घेऊन आले. त्यानंतर १९५५ चा लॉरेल-लँग्ली व्यापार करार, ज्यातून पेसोचा दर ठरवण्यावरचा अमेरिकेचा ताबा गेला, हे त्यांचं मोठं काम. मतदारांना लॉरेल चालतात हे त्यातून सिद्ध झालं. ज्यांनी त्यांच्याविरुद्ध आरोपपत्र चालवलं त्या तान्यादांनी १९५२ मध्ये रामोन मागसायसाय यांना राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून पुढे आणण्यासाठी लॉरेल यांच्याबरोबरच करारावर सही केली, त्यामुळे राजकारणी वर्गालाही ते चालत होते. पण ३० क्रमांकाच्या जाहीरनाम्यामागे जबरदस्ती होती का, हा प्रश्न मतपत्रिकेवर छापलेला नसतो. मागच्या पिढीतल्या नेत्यांना पुढच्या निवडणुकीत मिळालेल्या मतांवरून कायदेशीर दोष ठरू लागला तर मार्कोस कुटुंबाबद्दल आज काय बोलायचं?

शिवाय ज्या १९४९ च्या निवडणुकीला जनतेचा कौल म्हणायचं, तिच्या मतमोजणीबद्दल स्वतः लॉरेल यांचे समर्थक आयुष्यभर ओरडत राहिले. लानाओ प्रांतात पक्ष्यांनी आणि मधमाश्यांनीही मत दिलं, अशी म्हण तेव्हा पडली. आंगारा प्रकरणात निवडणूक तक्रारीसाठी स्वतंत्र आयोगाची बाजू मांडणाऱ्या लॉरेल यांना स्वतःची तक्रार न्यायसंस्थेपुढे न्यायला दारच नव्हतं, कारण असेंब्लीच्या जागांसाठी आयोग होता, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला आव्हान देण्याची कायद्यात सोयच नव्हती. ती सोय देणारा १७९३ क्रमांकाचा कायदा झाला १९५७ मध्ये, आणि निवाड्याचं काम त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे सोपवलं.